उचललं म्हणजे कामाचं, असं नसतं

ताई, मुलगा सहा वर्षांचा, बोलत नाही. रीइन्फोर्सर (जी मिळावी म्हणून मूल काम पुन्हा करतं ती वस्तू) शोधायला वस्तू दोन-दोन दाखवू की सगळ्या एकदम मांडू, असं विचारलंत.

आधी माझी फजिती सांगतो. यवतमाळकडच्या एका खेड्यात एका पोराच्या घरी शिकवायला जायचो. माय म्हणाली, "बिस्कीट दाखवा भाऊ, काईबी करते." आठवडाभर पुडे फोडले. दोन तुकडे खाल्ले की पोरगं मान फिरवायचं. मी पोहोचायचो तेव्हा ते नुकतंच जेवलेलं असायचं!

घरच्यांना विचारावं ते यादीपुरतं. एकेक वस्तू पुढे करायची पेस या संशोधकाची १९८५ ची पद्धत मी टाळतो. काही मुलं दिसेल ते धरतात, मग आवडीचा क्रम कसा लावणार? दोन-दोन दाखवून एक निवडू द्यायच्या फिशरच्या १९९२ च्या जोड्या भरवशाच्या, पण वेळखाऊ: आठ वस्तूंच्या २८ जोड्या होतात. मुलगा पूर्ण ओळीवरून नजर फिरवत नसेल तर मात्र त्याच धरा. फिरवत असेल तर डेलिऑन-इवाटाची १९९६ ची पद्धत घ्या: सगळं ओळीत मांडा, उचललेलं परत ठेवू नका, उरलेल्याच्या जागा बदला. जोड्यांच्या निम्म्याहून कमी वेळात क्रम हाती येतो. फक्त खाऊ आणि खेळणी एका ओळीत नकोत. मी ठेवली होती. फुटाण्यांपुढे भिंगरी तळाला गेली आणि मी ती उगाच बाद केली.

वस्तू काढून घेतली की मुलगा आदळआपट करतो का? मग रोनची १९९८ ची पद्धत: पाच मिनिटं सगळं मोकळं ठेवा, कशापाशी किती सेकंद रमला तेवढं लिहा. मी असं केलं तेव्हा त्या खेड्यातल्या पोरानं माझी सगळी खेळणी सोडून माजघरातल्या कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसले. (सरकी तोंडात जाते का, तेवढं बघत बसलो.)

पण आवडीची वस्तू कामाला लावते का, हे वेगळं तपासावं लागतं. कार्ड डब्यात टाकायचं काम दिलं. आधी काहीच न देता कार्डं मोजली, मग दर कार्डामागे दहा सेकंद कापूस. कार्डं वाढली, कापूस बंद करताच घसरली, सुरू करताच पुन्हा चढली. मग एका कार्डाऐवजी दोन, चार असं ताणत नेलं. बिस्किटासाठी चारावर अडायचा, कापसासाठी दहा टाकायचा.

होळीआधी कापूस विकला गेला. त्याच्या बाबांनी उशीची एक खोळ तेवढी भरून मागे ठेवली.