दुपारी चारचा पहिला शब्द

प्रश्न : चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून मी घरून स्वतंत्रपणे पुस्तकांची मुखपृष्ठे आणि मांडणी करू लागले. काम पुरेसे मिळते, पैसेही वेळेवर येतात. पण सकाळी घरातली माणसे बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत मी कोणाशीही बोलत नाही. परवा दुपारी चार वाजता दारावर पार्सल आले आणि "सही कुठे करू?" असे विचारताना माझा आवाज घोगरा निघाला, तेव्हा लक्षात आले की घर रिकामे झाल्यापासूनचे ते माझे पहिलेच बोलणे होते. एखाद्या ग्राहकाने मेलला नुसते 'ठीक आहे' असे उत्तर दिले, तर त्याला काम आवडले नसावे या विचारात माझा सगळा दिवस जातो. घरात मायेची माणसे असूनही मला एकटे का वाटावे? पुन्हा नोकरी धरावी का?

उत्तर : मायेची माणसे असूनही एकटे वाटते याचा तुम्हाला अपराधीपणा वाटतो आहे, असे पत्रावरून जाणवले, तो आधी मनातून काढून टाका. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी 1973 मध्येच एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले होते. जिवाभावाचे माणूस नसणे हा एक, आणि आपण ज्यांच्यातले आहोत असा गोतावळा नसणे हा दुसरा. यांतल्या एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. तुमच्याकडे पहिले आहे, दुसरे नोकरीबरोबर सुटले. कार्यालयात जिन्यावर भेटणारी, "झाले का ते काम?" एवढेच विचारून पुढे जाणारी माणसे मैत्रीच्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून ती गेल्याचे दुःख करावे असे आपल्याला सुचतही नाही. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र असे दिसले, की विद्यार्थ्यांचे वर्गातल्या नुसत्या तोंडओळखीच्या मुलांशी ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त बोलणे होई, त्या दिवशी त्यांना अधिक आनंदी वाटे.

तेव्हा नव्या जिवलग मैत्रिणी शोधण्याच्या मागे लागू नका. हवी आहेत ती तोंडओळखीची आणि कामाच्या ओळखीची माणसे. रोज ठरावीक वेळी, ठरावीक ठिकाणी जा, मग ते वाचनालय असो वा फिरण्याचा रस्ता, कारण ओळख ही पुन्हापुन्हा दिसण्यातून होते. पहिले काही आठवडे काहीच घडणार नाही, आणि बहुतेक जण नेमके तेव्हाच जाणे सोडून देतात.

याहून महत्त्वाची गोष्ट तुमच्या कामाची आहे. दोन छटांपैकी कोणती घ्यावी हे मान वळवून विचारायला शेजारच्या टेबलावर कोणी नाही, आणि ग्राहक बोलतो तो दुरुस्ती सुचवायची असली तरच; अशा स्थितीत काम चांगले झाले की नाही हे कळायचा रस्ताच बंद होतो. याच व्यवसायातल्या दोन-तीन जणांशी आठवड्यातली एक वेळ पक्की करा आणि त्या वेळी पूर्ण झालेले नव्हे, अर्धवट काम एकमेकांना दाखवा. वेळ पक्की असण्याचा आग्रह अशासाठी, की ज्या आठवड्यात कामाचा डोंगर असतो त्याच आठवड्यात आपण भेट रद्द करतो, आणि त्याच आठवड्यात तिची गरज सर्वांत जास्त असते; मीही घरून काम करत असताना ही चूक कितीदा केली आहे. या तासाचे पैसे मिळत नाहीत म्हणून मन खाईल, पण संगणकाच्या दुरुस्तीइतकाच तो धंद्याचा खर्च आहे.

'ठीक आहे' या मेलविषयी वेगळे लिहिले पाहिजे. मानसशास्त्रज्ञ जॉन कासिओपो एकटेपणाची तुलना भुकेशी करत : काहीतरी कमी पडते आहे याची ती सूचना असते. मात्र ती दीर्घकाळ टिकली की मन लोकांच्या बोलण्यात धोका हुडकू लागते, हेही त्यांच्या संशोधनाने दाखवले. त्या दोन शब्दांत नाराजी वाचणारे मन तुमचे कायमचे मन नव्हे. असे उत्तर आले की तर्क करत बसण्यापेक्षा फोन उचलून पाच मिनिटे बोलून घ्या. आवाजातून जे कळते ते मेलमधून कळत नाही.

नोकरीचा निर्णय आणखी तीन महिने लांबणीवर टाका. एवढे करूनही दिवस रिकामाच वाटला, तर खुशाल नोकरी धरा. त्यात हार मानल्यासारखे काही नाही. मात्र दोन आठवडे सलग मन उदास राहिले, झोप किंवा भूक बिघडली, तर थांबू नका, डॉक्टरांना भेटा.

सुरुवात कोणापासून करावी, असा प्रश्न पडेल. नोकरीत शेजारच्या टेबलावर बसणारी जी कोणी होती, तिला आज फोन करा. ख्यालीखुशाली नंतर विचारा. आधी त्या दोन छटा तिला पाठवा आणि कोणती घेऊ ते विचारा.