वाचकांचे प्रश्न : ‘शिंग’ म्हणजे चालणं की चालेल?

प्रश्न : ताई, मी वडोदऱ्याला मकरपुऱ्यात एका कारखान्यात आहे, चिनी मशिनवाल्यांशी बोलावं लागतं म्हणून मोबाईलवर चिनी शिकतोय. ‘शिंग’चा अर्थ पुस्तकात चालणं दिलाय पण ते लोक प्रत्येक गोष्टीला नुसतं शिंग शिंग म्हणतात, हे काय?

उत्तर : दादा, अहो तुम्हाला तर हे सगळ्यात सोपं जायला हवं! आपण काय म्हणतो, उद्या पैसे दिले तर चालेल का, आणि दांडिया बाजारातला दुकानदार म्हणतो ‘चालशे’, तिथे कोणी पायाने चालत नाही ना, तसंच आहे हे. शिंगचा जुना अर्थ चालणं, या अक्षराचं सगळ्यात जुनं रूप म्हणजे चक्क चौरस्त्याचं चित्र, आणि आज हा शब्द एकटा आला की त्याचा अर्थ ‘चालेल’. विचारायचं तर ‘शिंग पु शिंग?’, म्हणजे चालेल की नाही. शिंग म्हणताना सूर वर न्यायचा, आपण ‘काय?’ विचारतो तसा.

चालण्याचा अर्थ जोडशब्दांत टिकलाय, सायकलला म्हणतात ‘त्स-शिंग-छ’, आपोआप चालणारी गाडी, आणि काम चालू आहे, पुढे सरकतंय, तेव्हा ‘चिन-शिंग’.

पण कमाटीबागेत फिरायला जाताना शिंग नको, तिथे ‘चोउ’, ‘चालणं’मधलाच च, चिंचेतला नाही. घड्याळ चालतं त्यालाही चोउच. मात्र ‘वो चोउ ल’ म्हणजे मी निघालो, तेव्हा मीटिंगच्या मध्येच म्हणू नका हं.