पीसी आत्ता असेंबल करू का नवीन ग्राफिक कार्ड येईपर्यंत थांबू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही कोल्हापुरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करता, सोनीच्या कॅमेऱ्याचं ४के फुटेज असतं, जुना लॅपटॉप टाइमलाइनवर अडकतो, मॉनिटर घरात आहे, बाकी बजेट ८० हजार, आणि मित्र म्हणतोय थांब, नवीन कार्डं आणि नवीन रायझन (एएमडीचे प्रोसेसर) येतायत, मग आत्ताचं सगळं स्वस्त होईल. माझं मत विचाराल तर थांबू नका, पीसी आत्ताच घ्या, फक्त ग्राफिक कार्ड त्यात आत्ता टाकू नका. हे कसं काय ते सांगतो, जरा लांबण लागेल.

मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीये. वर्षानुवर्षं हिशोब तोच होता, नवीन पिढी आली की आधीची उतरते, थोडी कळ काढली की त्याच पैशात जास्त मिळतं. पण २०२५ च्या दिवाळीपासून रॅमने तो हिशोब उलटा केलाय. २०२५ च्या मध्यावर डीडीआर५ रॅमचा ३२ जीबीचा किट दहा हजारांच्या आसपास मिळायचा, वर्ष संपता संपता तोच तिपटीच्या घरात गेला. कारण एआयवाले. डेटा सेंटरला लागणारी महागडी एचबीएम मेमरी आणि आपली साधी रॅम मुख्यतः त्याच तीन कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि कारखान्याची क्षमता मर्यादित, मग जिकडे नफा जास्त तिकडे माल वळणार हे उघड आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि हायनिक्सशी बोलणी जाहीर केली त्यात महिन्याला नऊ लाख वेफरपर्यंतचा (ज्यावर चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) आकडा होता, आणि डिसेंबरात मायक्रॉनने सांगून टाकलं की क्रुशियल नावाने होणारी ग्राहकांसाठीची विक्री आपण बंद करतोय. एसएसडीसुद्धा त्याच वाटेने वर चाललीय. (कुणीतरी सांगेलच की मायक्रॉनचा कारखाना आता गुजरातेत साणंदला आहे, आता भारतात रॅम स्वस्त होणार. तिथे चिपची जुळणी, टेस्टिंग आणि पॅकिंग होतं, मेमरीचं वेफर तिथे बनत नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.)

मग थांबणं कधी फायद्याचं ठरलंय? माझ्या मते त्यासाठी भाव कशामुळे चढलाय ते बघावं लागतं. २०२१ मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० कार्ड जाहीर झालं ३२९ डॉलरला आणि बाजारात विकलं जात होतं जवळपास दुप्पट भावाने, कारण माल कमी आणि जो होता त्यातला बराचसा क्रिप्टोचं मायनिंग करणारे उचलत होते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डांवरचं त्याचं मायनिंग एका दिवसात संपलं आणि वापरलेल्या कार्डांचा ढीग बाजारात आला. तेव्हा थांबलेले लोक जिंकले. त्याच्याही आधी २०११ मध्ये थायलंडला पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले, डिस्कचे भाव दुप्पट झाले, तेही पाणी ओसरल्यावर हळूहळू खाली आले. दोन्ही वेळी कारण संपण्यासारखं होतं. आत्ताचं कारण तसं नाहीये, मागणी खरी आहे, मोठे पैसेवाले रांगेत पुढे उभे आहेत आणि मेमरीचा नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. एआयचा फुगा उद्या फुटला तर वेगळं, पण त्या आशेवर अख्खी लग्नसराई हातची घालवायची का?

दुसरी गोष्ट, ‘नवीन येतंय’ हे कुणासाठी येतंय ते कुणी बघत नाही. कंपन्या आधी महागडा माल काढतात. आरटीएक्स ४०९० आलं ऑक्टोबर २०२२ ला, ४०६० आलं जून २०२३ ला. त्याच्या पुढच्या पिढीत ५०९० जानेवारी २०२५ च्या शेवटी आलं आणि ५०६० साठी मे उजाडला. रायझन ७००० सप्टेंबर २०२२ मध्ये आले तेव्हा सगळे नावाच्या शेवटी एक्स असलेले महागडेच होते, साधा ७६०० जानेवारी २०२३ मध्ये आला. म्हणजे ८० हजारवाल्याने घोषणेची वाट बघायची, मग आपल्या बजेटचं मॉडेल येण्याची वाट बघायची, मग ते इथे येऊन सुरुवातीचा चढा भाव खाली बसण्याची वाट बघायची, आणि एवढ्यात पुढच्या पिढीच्या अफवा सुरू झालेल्या असतात. त्यात जानेवारी २०२६ मध्ये सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात एनव्हिडियाने एकही नवीन गेमिंग कार्ड दाखवलं नाही. तारीख नसलेल्या वस्तूसाठी मी तरी कुणाला थांबायला सांगत नाही. जाहीर तारीख असेल, ती महिन्याभरात असेल आणि आपल्या बजेटचंच मॉडेल असेल तर जरूर थांबा. हातातलं मशीन काम व्यवस्थित ओढत असेल तरीही थांबा, पण ते तुमच्याबाबतीत नाहीच.

डॉलरचंही बघा. परदेशी यूट्यूबवर जो भाव सांगतात त्यात कर धरलेला नसतो. ५०६० टीआय १६ जीबीचा जाहीर भाव ४२९ डॉलर, डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० च्या पुढे गेला, त्या हिशोबाने ३८,६०० च्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले साडेपंचेचाळीस हजार, आणि यात आणणाऱ्याचा आणि दुकानदाराचा नफा अजून आलेलाच नाही. तुमच्या ८० हजारातले अर्ध्याहून जास्त एका कार्डात गेले तर महागलेली रॅम कशातून घेणार? बरेच लोक मग काय करतात, कार्ड भारी घेतात आणि रॅम ८ जीबी टाकतात, गेमिंगलाही ते वाईट आणि एडिटिंगला तर बघायलाच नको.

आता तुमच्या कामाचं बोलू. लॅपटॉप अडकतो याचं बहुतेक कारण कॅमेऱ्याची फाइल आहे. सोनीच्या अलीकडच्या कॅमेऱ्यात लोक १० बिट ४:२:२ वर, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या सेटिंगवर, शूट करतात, रंग सुधारायला बरं पडतं म्हणून, पण ही फाइल उलगडायला हार्डवेअर डीकोडर (चिपमधला व्हिडिओ उलगडणारा खास भाग) लागतो आणि तो सगळ्या चिपमध्ये नसतो. एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत, एच.२६५) मधलं ४:२:२ इंटेलच्या प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक ११व्या पिढीपासून उलगडतं. एनव्हिडियाने हे थेट ५० मालिकेत आणलं, त्याआधीचं ४०९० सुद्धा या फाइलसमोर काही कामाचं नाही, सगळा भार प्रोसेसरवर जातो. म्हणजे तुमच्या कामाला ज्या नवेपणाचा उपयोग आहे तो बाजारात आलेला आहे आणि इंटेलवाल्यांकडे तर साध्या प्रोसेसरमध्ये फुकटात आहे.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर इंटेलचा आय५ घेतला असता, १३५०० किंवा १४५००, जो मिळेल तो. १२४०० किंवा १४४०० स्वस्त पडतो आणि चालतो पण, फक्त त्यात ग्राफिक ७३० आहे आणि ५०० वाल्यांत ७७०, ज्यात व्हिडिओची इंजिनं दोन आहेत, एडिटिंगला तो फरक जाणवतो. एक गोष्ट मात्र नक्की सांभाळा, नावाच्या शेवटी एफ असलेला प्रोसेसर घेऊ नका. दुकानदार ‘तोच आहे, दोन हजार कमी’ म्हणून एफवाला देतो, त्यात आतलं ग्राफिकच नसतं, मग कार्डाशिवाय स्क्रीनसुद्धा येणार नाही. बोर्ड बी७६०, रॅम ३२ जीबी, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, चांगल्या कंपनीचा ६५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) म्हणजे पुढे कार्ड टाकताना तो बदलावा लागणार नाही, कॅबिनेट हवा खेळती राहील असं कुठलंही. भावांचे आकडे देत नाही कारण रॅमचं कोटेशन हल्ली दुकानदार एका दिवसापुरतं देतात. रॅममुळे बजेट फाटत असेल तर १६ ची एकच स्टिक घ्या आणि दुसरी नंतर त्याच मॉडेलची, वेग थोडा मार खाईल पण बंद पडणार नाही. घरी डीडीआर४ पडलेली असेल तर या सॉकेटला डीडीआर४ चे बोर्डही मिळतात, तो रॅमचा खर्च पूर्णच वाचला.

कुणीतरी खाली लिहिणार की इंटेलचा हा सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) संपलाय, यात पुढचे प्रोसेसर बसणार नाहीत, एएमडीचा एएम५ घ्या, एएमडीने २०२७ आणि पुढेपर्यंत शब्द दिलाय. बरोबर आहे, आणि गेमिंगसाठी विचारलं असतंत तर मीही रायझनच सांगितलं असतं. पण रायझनचं आतलं ग्राफिक ४:२:२ उलगडत नाही, म्हणजे पहिल्याच दिवशी ५० मालिकेसारखं एखादं कार्ड घ्यावं लागतं आणि गणित परत कार्डावर येऊन अडतं. धंद्याच्या मशीनला मी पाच वर्षांनी प्रोसेसर बदलता येईल का यापेक्षा या हंगामात काम निघेल का हे आधी बघतो.

कार्ड लग्नाचा सीझन संपल्यावर घ्या, जूनमध्ये, कमाईतून. तोवर महागलं तर? महागू शकतं, कार्डावरही मेमरीच असते. पण तेव्हा तुम्हाला कळलेलं असेल की खरंच लागतंय का, कलर ग्रेडिंग आणि नॉइज काढणं जास्त असेल तर लागेल, नुसतं कापणं, गाणं लावणं आणि एक्सपोर्ट असेल तर कदाचित वर्षभर लागणारही नाही. एडिटिंगला प्रीमियर वापरत असाल तर क्विक सिंक (इंटेलच्या आतल्या ग्राफिकचं व्हिडिओ उलगडणं) आपोआप चालतं, दाविंची रिझॉल्व्हमध्ये विंडोजवर हार्डवेअर डीकोडसाठी पैसे भरून स्टुडिओ आवृत्ती लागते, तो खर्च बजेटमध्ये धरा. आणि पीसी येईपर्यंत आजपासूनच प्रॉक्सी बनवून काम करा, म्हणजे फुटेजच्या हलक्या कॉप्या, रात्री लॅपटॉप लावून झोपा, सकाळी टाइमलाइन पळते, एक्सपोर्ट मात्र मूळ फाइलवरून होतं. एवढं केलं तर दोन आठवडे भाव बघत फिरायलाही वेळ मिळेल.

कार्ड सोडून बाकी खरेदी शक्यतो एकदम करा. ‘रॅम आज घेऊन ठेवतो, बाकी पुढच्या महिन्यात’ असं केलं तर वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजली जाते आणि माल खराब निघाला तर कळेपर्यंत बदलून द्यायची मुदत गेलेली असते. घेऊनच ठेवायची असेल तर कुणाच्या तरी पीसीत लावून मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्रॅम) चालवून बघा. कोल्हापुरात भाव पटला नाही तर पुण्यात तापकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच, फरक प्रवासखर्चाएवढाच पडत असेल तर गावातल्या दुकानदाराकडूनच घ्या, सीझनमध्ये मशीन बंद पडलं तर तोच धावून येतो. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या.

एक मात्र आधी तपासा. कॅमेऱ्यात फाइल फॉरमॅट कोणता लावलाय? एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एचईव्हीसी, आणि एक्सएव्हीसी एस ४के म्हणजे एच.२६४. ४:२:२ चं एच.२६४ वर सांगितलेले प्रोसेसर उलगडत नाहीत, ते ५० मालिकेचं कार्ड उलगडतं. आणि सोनीच्या बऱ्याच बॉडींवर पाल मोडमध्ये (भारतात चालणारं सेटिंग) ४के २५पी ला, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमला, एचएस मिळतच नाही, ५०पी ला मिळतं. तेव्हा २५पी वर शूट करत असाल तर एक तर ५०पी एचएस वर या, नाहीतर ४:२:० वर (रंगांची माहिती कमी साठवणारं सेटिंग) उतरा, आणि दोन्ही नको असेल तर माझा सल्ला बदलतो, मग थोडा साधा रायझन, १६ जीबी रॅम आणि सोबत ५०६० असं बसवावं लागेल. बॉडीचं मॉडेल आणि सेटिंग कळवलंत तर नक्की सांगता येईल.