एका पानात बाबा

प्रश्न : ताई, माझे बाबा गेल्या महिन्यात प्रभूच्या ठायी झोपी गेले. वय ८१. भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या मागे त्यांचं सुतारकामाचं लहानसं दुकान होतं. खुर्च्या, कपाटं, देवळातली म्हणजे चर्चमधली बाकं असं सगळं काम ते करत. आमच्या ख्रिस्ती मंडळीत कोणाचं मयत झालं की पेटीसुद्धा तेच करत. लहान मुलाची पेटी असली की दुकानाचं दार आतून लावून घेत. स्मरणभक्तीच्या पुस्तिकेसाठी पाळकसाहेबांनी माझ्याकडे एक पान मागितलं आहे. मी लिहिलं, पण वाचून पाहिलं तर ते कोणाच्याही बाबांचं वाटतं : देवभीरू, प्रेमळ, कष्टाळू, कुटुंबवत्सल. आणखी एक अडचण आहे. दुरुस्तीच्या हिशोबावरून त्यांचं एकदा मंडळीच्या कमिटीशी वाजलं होतं आणि आठ महिने त्यांनी देवळाची पायरी चढली नाही. मग ऐन पावसाळ्यात एका शनिवारी कोणालाही न सांगता गेले, देवळाचा अडकणारा दरवाजा घासून आले आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला सगळ्यांना घेऊन उपासनेला बसले. भाऊ म्हणतो, हे लिहू नकोस, लोक नको तेच लक्षात ठेवतात. काय करू?
— एक वाचक, घोरपडी

उत्तर : पेटीचं ते वाक्य वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. तुम्ही ते जाता जाता लिहिलं आहे. पानाची सुरुवात तिथूनच करा, मग ‘देवभीरू’ लिहायची गरज उरणार नाही. दार लावून बाबा आत रडत होते की प्रार्थना करत होते, हे ठाऊक नसेल तर दारापर्यंतच लिहा. बाकीचं मात्र विचारून घ्या. पेटीचे पैसे घेत होते का? लाकूड कोणतं लावत? पेटीच्या आतल्या बाजूलाही रंधा मारत का? त्यांच्या हाताखाली काम केलेला कोणी कारागीर असेल तर त्याच्याकडे जाऊन बसा. बाप घरी येतो तेव्हा दमलेला असतो. कारागिराने त्याला दिवसभर पाहिलेलं असतं.

मी हे विचारलं नव्हतं, म्हणून सांगते आहे. माझे बाबा बुकबाइंडर होते. गुरुवार पेठेत, पंचहौदच्या देवळाची घंटा स्वच्छ ऐकू येईल इतक्या अंतरावर आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत आम्ही सहा जण. अप्पा बळवंत चौकातून ते सायकलला बांधून छापील फर्मे, म्हणजे घडी घालून पुस्तकाची पानं होतात ते मोठे कागद, आणायचे. मैद्याची खळ आई शिजवायची. कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचुदाची चिमूट पडायची, त्यामुळे त्या भांड्याला आम्हा मुलांना हात लावायची बंदी होती. बाबा जुजबंदीच करायचे, म्हणजे प्रत्येक फर्मा त्याच्या घडीतून शिवून शेजारच्या फर्म्याशी दोऱ्याने बांधायचा. कडेने भोकं पाडून शिवलं तर काम झटपट होतं, पण तसं पुस्तक पूर्ण उघडत नाही, हाताने दाबून धरावं लागतं. शास्त्र, म्हणजे बायबल, आणि गीतांचं पुस्तक उघडून ठेवलं की आपसूक पडून राहिलं पाहिजे, प्रार्थनेला दोन्ही हात मोकळे हवेत, असं ते म्हणायचे.

ते गेले तेव्हा मीही असंच एक पान लिहिलं. तुम्ही लिहिलेत तेच चार शब्द, त्याच क्रमाने. ते पान आजही माझ्याच्याने वाचवत नाही, कारण लिहायला हवी होती ती गोष्ट मी गाळली.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. सदाशिव पेठेतले एक निवृत्त मास्तर पारायणाची जुनी पोथी बांधायला घेऊन आले. समासात त्यांच्या वडिलांनी बोरूने बारीक अक्षरात टिपणं केलेली होती. बाबांनी शिलाई सुरेख केली आणि सवयीने कडा कापून आणल्या. घरी येऊन पोथी उघडली तर प्रत्येक टिपणाची बाहेरच्या बाजूची अक्षरं गेलेली. ते काही बोलले नाहीत. टोपी घातली, परत कटिंगवाल्याकडे गेले आणि कातरणाचं पोतं खांद्यावर टाकून घरी आणलं. मग त्याच रात्री चालत सदाशिव पेठेत जाऊन मास्तरांना सांगून आले, ‘तुमच्या वडिलांचं अक्षर माझ्या हातून कापलं गेलं.’ मास्तरांनी काय उत्तर दिलं ते आम्हाला कधी कळलं नाही.

त्यानंतर महिनाभर, रात्रीची कौटुंबिक प्रार्थना झाली की बाबा कंदील जवळ ओढून बसायचे. पोत्यातून नखाएवढ्या रुंदीच्या पट्ट्या निवडायच्या. एकीवर वेलांटीचा शेंडा, एकीवर नुसता काना, एकीवर अनुस्वाराचा ठिपका. मी चिमट्याने पट्टी धरायची, ते ती पानाच्या कडेला लावून पाहायचे. ‘रेघ बघ,’ म्हणायचे, ‘शिरोरेघ जुळली की तुकडा आपला.’ जुळला की मागून पातळ टिश्यू आणि पाण्यासारखी खळ, वर हाडाच्या पट्टीने हलकासा दाब. सगळे तुकडे मिळाले नाहीत. जे मिळाले नाहीत तिथे त्यांनी कोरा कागद जोडून समास सरळ केला, पण त्यावर स्वतः एक अक्षर घातलं नाही.

पोथी न्यायला मास्तर आले तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत तासभर एकेक पान उलटत बसले आणि आईने केलेला चहा प्यायले. तुम्ही पुण्याच्या आहात, म्हणजे १८९० सालचं चहाचं प्रकरण तुम्हाला ठाऊक असणार. याच पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे आणि लोकमान्यांसारख्यांवरही केवढं ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचं प्रकरण, झालं होतं. मास्तरांनी आणखी अर्धा कप मागून घेतला. बाबांनी कामाचे पैसे घेतले नाहीत, आणि त्यानंतर जुन्या पुस्तकाच्या कडा कधीही कापल्या नाहीत.

आईला ही गोष्ट कमीपणाची वाटायची. ‘त्यांच्या चुकीचं कशाला लिहितेस?’ म्हणाली, आणि मी ऐकलं. तुमच्या भावाचं बोलणं मला म्हणूनच ओळखीचं वाटलं. तो बाबांना जपतो आहे, त्याच्यावर रागावू नका. पण आठ महिने आणि तो दरवाजा लिहाच. वाद कोणाशी झाला, हिशोब कोणाचा बरोबर होता, ते पानावर आणू नका. ती माणसं समोरच्या बाकांवर बसलेली असतील. ‘एकदा ते रुसले आणि आठ महिने उपासनेला गेले नाहीत’ एवढं एक सरळ वाक्य पुरे. त्याच्या पुढे लगेच पावसाळा येऊ द्या. पावसात लाकूड फुगतं, दार चौकटीत बसेनासं होतं, आणि मंडळी दर रविवारी ते खांद्याने ढकलत आत जात असतील. आठ महिने आत न गेलेल्या माणसाला दार अडकतं हे कोणी सांगितलं, की त्यांनी रस्त्यावरून जाता-येता पाहिलं? तुमच्या आईला विचारा. त्या महिन्यांत घरातली प्रार्थना चालू होती का, हेही विचारा. चालू असेल तर तेही लिहा.

एक वचन सुचवते, कारण अशा पुस्तिकेत वरती वचन लागतंच आणि बहुतेक वेळा मेंढपाळाचं स्तोत्र घातलं जातं. ते सुंदरच आहे, पण तुमच्या बाबांसाठी बायबलमधल्या निर्गमाचा ३१ वा अध्याय काढा. तिथे देव बसालेलाला नावाने बोलावतो आणि आपल्या आत्म्याने भरतो. बसालेल कारागीर होता. सोनं, रुपं, पितळ, रत्नांना पैलू पाडणं आणि लाकडाचं कोरीव काम, हे सगळं तिथे एकेक करून लिहिलेलं आहे. माझ्या बाबांना तो अध्याय पाठ होता. किंवा ९० व्या स्तोत्राचा शेवट घ्या. त्यात आमच्या हातचं काम सिद्धीस ने, अशी विनवणी एकामागोमाग दोनदा केली आहे.

हातचं काम आणि शास्त्र हे आपल्याकडे कधी फार लांब नव्हतं. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून सोप्या मराठीत केलेलं बायबल केडगावच्या मुक्ती मिशनमध्येच छापलं गेलं, आणि त्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवणारे हात तिथल्या बायकामुलींचे होते. रमाबाई १९२२ साली गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. त्याची एक प्रत बाबांकडे बांधायला आली होती. पाठीचा कापड गेला होता तो त्यांनी बदलला, आतला दोरा जिथे पक्का होता तिथे तो उसवू दिला नाही.

आता लिहायला बसण्याआधी एकदा दुकानात जाऊन या. दुकान रिकामं करायची घाई झाली असेल तर भावाला दोन दिवस थांबायला सांगा. रंध्याची मूठ कुठे झिजली आहे ते पाहा. भिंतीवर किंवा फळीवर पेन्सिलीने लिहिलेली मापं असतील तर पुसू नका. मापांची वही सापडली तर तिच्यातल्या पेट्यांची मापं वाचा. त्यातली सगळ्यात लहान पेटी किती इंचांची होती तेवढं पानावर लिहा, नाव लिहू नका.

एका पानात साधारण तीनशे शब्द बसतात. पेटी, दरवाजा आणि दुकानातली एखादी वस्तू, एवढ्यानेच ते भरेल. नातवंडांची नावं आणि जन्मतारीख खाली बारीक टाइपात घ्या. लिहून झालं की पाळकसाहेबांकडे देण्याआधी आईला मोठ्याने वाचून दाखवा, आणि ती जिथे ‘असं नव्हतं गं’ म्हणेल तिथे खोडून तिचं लिहा.