30 जानेवारी: 1648 की 1649? (अनुभवाचे बोल, 400 प्रतींचे)

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या मंडळाचं ते कॅलेंडर डोळ्यांसमोर आलं. इंग्लंडमधल्या मराठी शाळेच्या भिंतीसाठी ब्रिटिश इतिहासाचं दिनविशेष करताय. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद कुठे 30 जानेवारी 1648, कुठे 1649, तर कुठे चक्क 9 फेब्रुवारी 1649 असा सापडतोय. खरं काय? तिन्ही खरं. पण छापायचं ते 30 जानेवारी 1649. बाकी वाचलं नाहीत तरी चालेल.

राजाला का मारलं वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणारच. मी अडकलो तिथेच तुम्ही अडकलायत, ते सांगतो.

त्या काळी इंग्लंडच्या कागदोपत्री वर्ष 25 मार्चला बदलायचं. म्हणजे जानेवारी हा सरत्या वर्षाचा महिना. 59 जणांच्या सह्या असलेल्या त्या मृत्युदंडाच्या फर्मानावर तारीख आहे 29 जानेवारी 1648. स्कॉटलंडने मात्र 1600 पासूनच नवं वर्ष 1 जानेवारीला धरलेलं. म्हणजे एकच राजा लंडनच्या कागदात 1648 ला मेला आणि एडिंबराच्या कागदात 1649 ला.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी 1649 असं बरोबर लिहिलं होतं, पण खात्री करावी म्हणून जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या एका कार्यालयाला विचारलं (नाव घेत नाही). पहिल्या मेलला यंत्राचं उत्तर. दुसऱ्याला शुल्काचा फॉर्म. सहा आठवड्यांनी एक ओळ आली: मूळ दस्तऐवजावरील वर्ष 1648. 25 मार्चबद्दल अवाक्षर नाही. त्यात खोटं काही नव्हतं, हीच तर गोची! मी आपल्या हाताने बरोबर असलेलं खोडून 1648 केलं आणि 400 प्रती छापून आणल्या.

वर शहाणपणा असा, की त्याच चौकटीत खाली लिहिलं, '1661: क्रॉमवेलचं प्रेत उकरून टायबर्नला लटकवलं, बरोबर 13 वर्षांनी'. (क्रॉमवेल म्हणजे राजाला मारणाऱ्यांचा पुढारी, टायबर्न ही लंडनची फाशीची जागा.) संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कॅलेंडरं वाटली. एक निवृत्त शिक्षिका आजी चष्मा वर करून म्हणाल्या, "अहो, बारावं वर्षश्राद्ध ना ते?" तेच होतं. राजाच्या मृत्यूची तारीख मुद्दाम साधून क्रॉमवेल आणि त्याच्या साथीदारांच्या मढ्यांना फाशी दिली होती आणि मी त्यातला मुद्दाच मारला. मग आठवडाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पट्ट्या कापल्या, डिंक लावला, चिकटवल्या. बायको अजून बोलते. कार्यालयाला कळवलं, तर 'आपल्या शंकेचे निरसन झाले असल्याने प्रकरण बंद'. असो.

इतिहासाच्या पुस्तकांचा रिवाज सोपा आहे: दिवस जुन्या कॅलेंडरचाच (ज्युलियन, इंग्लंडमध्ये तेव्हा चालायचं ते) ठेवायचा, वर्ष फक्त 1 जानेवारीपासून मोजायचं. नवं, म्हणजे आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर तेव्हा दहा दिवस पुढे होतं, म्हणून दहा दिवस मिळवून 9 फेब्रुवारी करण्याच्या भानगडीत पडू नका. तसं केलं तर गाय फॉक्सच्या कटाचा 5 नोव्हेंबर 1605 सुद्धा 15 ला ढकलावा लागेल, आणि त्या रात्री फटाके कोण उडवणार? 1752 मध्ये इंग्लंडने 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर घेतला, त्यानंतरच्या तारखांची कटकट नाही. वाराने पडताळा घ्या: शिरच्छेद मंगळवारी झाला. आजचं कॅलेंडर मागे नेलं तर त्या 30 जानेवारीला शनिवार येतो.

हे दुखणं आपल्या घरचंही आहे. 1664 च्या जानेवारीतली सुरतेची लूट इंग्रजांच्या तेव्हाच्या पत्रांत 1663 सालात पडते, आणि गोव्याचे पोर्तुगीज नव्या कॅलेंडरमुळे दहा दिवस पुढे. शिवजयंतीच्या तिथी-तारखेवरून भांडणाऱ्यांना हे आधी दाखवावं असं माझं मत. (मी इतिहासाचा पदवीधर नाही. हिशेबनीस आहे. चूक असेल तर सांगा.)

30 जानेवारीचं बाकी सामान: 1965, चर्चिलची अंत्ययात्रा, थेम्सकाठच्या क्रेननी माना झुकवल्या, मुलांना हे फार आवडतं. 1969, बीटल्सचा गच्चीवरचा कार्यक्रम. 1972, उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ब्रिटिश सैन्याचा गोळीबार, त्या दिवशी 13 ठार. तो वगळू नका, पण लहान वर्गाला बेतानेच सांगा. सावधान, गच्ची लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावरची आणि डेरीचा 2010 चा चौकशी अहवाल न्यायाधीश सॅव्हिल यांचा. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात.

गांधीहत्या या यादीत घालावी का? माझ्या मते नको, 1948 मध्ये आपण स्वतंत्र होतो. शाळेत त्या दिवशी दोन मिनिटं उभे राहा, ते वेगळं. इतरांचं मत वेगळं असू शकतं, वाद घालायचा नाही.

ता.क. 'जोडवर्ष' म्हणून 1648/9 असं लिहायचा मोह होईल. पुढच्या वर्षी मी लिहिलं. डीटीपीवाल्याने ते '1648-49' केलं, आणि राजाचा शिरच्छेद आर्थिक वर्षात जाऊन बसला.