वाचकांचे प्रश्न: आधी ब्रिज, मग पिकअप

प्रश्न: दादा नमस्कार, मी सांगलीचा, आयटीआयला आहे. आमच्या जुन्या घराचा सागवानी दरवाजा निघाला, त्याच्या फळ्या चिकटवून बास गिटारची बॉडी कापलीय. २० फ्रेटची नेक तयार विकत आणली, चार तारांची. आता पिकअप (तारेचा आवाज पकडणारा चुंबकी भाग) आणि ब्रिज (बॉडीवर तारा अडकवायचा धातूचा भाग) घ्यायचाय आणि सगळं मिळून सहा हजाराच्या वर जाता येत नाही. बँडमधला मित्र म्हणतो जाड वजनदार ब्रिजच घे, सस्टेन म्हणजे सूर टिकण्याचा वेळ वाढतो. दुकानदार म्हणतो फेंडर कंपनीच्या जॅझ बासला असतात तसे दोन पिकअप घे. लाकूड कोरायचा राउटर एका ओळखीच्या सुताराकडे मिळतोय, रविवारी खड्डे मारून घेऊ का?

उत्तर: मित्रा, रविवारी राउटर लावू नकोस. आधी ब्रिज जागेवर बसू दे.

कारण सांगतो. तू सांगलीचा, मिरज शेजारीच, तिथे सतारीचे कारागीर बघितले असशीलच. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सूर जरा इकडेतिकडे वाटला तर पडदा सरकवतात. आपल्या बासचे फ्रेट खाचेत ठोकलेले, ते हलत नाहीत, म्हणून सरकायचं काम इथे ब्रिजच्या सॅडलला, म्हणजे प्रत्येक तार जिच्यावर टेकते त्या घोडीला, करावं लागतं, आणि सॅडलला सरकायला जागा किती तर जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. त्यामुळे ब्रिज चुकीच्या जागी बसला की पुढे कितीही महाग पिकअप लावा, वरच्या फ्रेटवर बास बेसूरच वाजणार. माझ्या पहिल्या बासचं हेच झालं होतं, सॅडल पार मागे नेऊन ठेवले आणि तिथून ८६४ मिलिमीटर मोजून ब्रिज ठोकला, मग सर्वात जाड ई तारेला अजून मागे जायचं होतं आणि जागाच उरली नव्हती. ती भोकं बुजवून पुन्हा पाडताना जीव नको झाला.

तर असं कर. नटच्या (नेकच्या टोकाकडची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) आतल्या कडेपासून १२व्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोज, स्टीलच्या पट्टीने, शिवणकामाच्या टेपने नको. ३४ इंची स्केल (नटपासून सॅडलपर्यंतची तारेची लांबी) असेल तर ४३२ मिलिमीटरच्या आसपास येईल. त्याची दुप्पट म्हणजे सर्वात बारीक जी तारेच्या सॅडलची जागा. ई तार जाड, तिला चार-सहा मिलिमीटर मागे जावं लागतं. म्हणून जी-चा सॅडल जवळपास पुढे आणून, पुढे दोन-तीन मिलिमीटर शिल्लक ठेवून मग ब्रिजची जागा आख. लगेच भोकं पाडू नकोस. ब्रिज मास्किंग टेपने चिकटव, ई आणि जी तारेच्या जागी नटपासून सॅडलपर्यंत शिवणाचा दोरा ताणून बांध आणि वरून बघ, शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही दोऱ्यांपासून फिंगरबोर्डची कड सारख्याच अंतरावर दिसली पाहिजे. एक मिलिमीटरसुद्धा डोळ्याला कळतो. मगच ड्रिल. सागवान कडक असतं, पायलट भोक पाडल्याशिवाय स्क्रू पिळलास तर मुंडी तुटून हातात येईल, स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घासून घे. आणि जुन्या दरवाजाचं लाकूड आहे म्हणून सांगतो, राउटर लावायच्या आधी सगळीकडून लोहचुंबक फिरव, आत मोडलेला खिळा असेल तर बिट जाईल आणि त्याचा तुकडा कुठे उडेल ते सांगता येत नाही.

आता कोणता ब्रिज. मित्राचं मत मला पटत नाही. जाड ब्रिजने फरक पडतो, अटॅक, म्हणजे सुराची सुरुवात, थोडा कडक वाटतो, पण तुझी सागवानी बॉडी आधीच जड आहे, तिला अजून वजन कशाला? फेंडरच्या जुन्या बासवर वाकवलेल्या पत्र्याचा साधा ब्रिज असायचा. बासवादक जेम्स जेमर्सनने १९६२ च्या प्रिसिजनवर (फेंडरचंच बासचं मॉडेल) मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची गाणी वाजवली ती तशाच ब्रिजवर, शिवाय तारांखाली फोमचा तुकडा, म्हणजे सस्टेन मुद्दाम कमी केलेला! साधा पाच स्क्रूचा पत्र्याचा ब्रिज घे, तारांमधलं अंतर १९ मिलिमीटरचं बघ, सॅडलचे उंचीचे स्क्रू खडखडत नाहीत ना तेवढं दुकानातच हलवून बघ. उरलेले पैसे पिकअपला.

आणि पिकअप एकच घे, प्रिसिजनवाला, दोन तुकड्यांचा. तो १९५७ पासून तसाच आहे आणि त्याला कारण आहे. दोन्ही तुकड्यांची वाइंडिंग आणि चुंबक उलटसुलट असतात त्यामुळे ट्यूबलाइट-चार्जरची ५० हर्ट्झची घूं आपोआप कटते. जॅझचे दोन पिकअप दोन्ही पूर्ण उघडले तरच घूं जाते, एकटा वाजवला की परत येते. आवाज गोड आहेच त्यांचा, बासवादक जाको पास्टोरियसचा तो नाकातला बोलका सूर ब्रिजकडच्या जॅझ पिकअपचाच, पण पहिल्याच बासमध्ये दोन खड्डे, तीन नॉब आणि घूं असं सगळं एकदम अंगावर कशाला घेतोस.

पिकअपची जागा ही त्याच्या कंपनीपेक्षा महत्त्वाची. तार ब्रिजपाशी कमी हलते म्हणून तिथे आवाज पातळ आणि धारदार, नेककडे जाशील तसा भरदार. प्रिसिजनच्या दोन तुकड्यांची मधली रेघ सॅडलपासून साधारण १५० मिलिमीटरवर येते, ई आणि ए या जाड तारांचा तुकडा नेककडे. पण माझं ऐकून खड्डा मारू नकोस, स्वतः ऐक. तारा चढव, पिकअपच्या वायरी थेट जॅकला जोड, पिकअप उलटा करून म्हणजे चुंबक खाली करून तारांच्या वर धर, खाली लाकडाच्या दोन पट्ट्या ठेव म्हणजे तारांना टेकणार नाही, आणि सरकवत सरकवत वाजव. बोटभर सरकवलं तरी आवाज बदलतो. जिथे तुला आवडेल तिथे पेन्सिलने खूण कर आणि मग सुताराकडे जा.

एक गोष्ट मात्र विसरू नकोस, ब्रिजखालून कंट्रोलच्या खड्ड्यापर्यंत अर्थिंगच्या वायरीचं तिरकं भोक ब्रिज कायमचा बसवायच्या आधी पाडायचं. सगळं झाल्यावर जॅकच्या धातूला हात लावला की घूं कमी होते पण तारांना लावला की होत नाही असं झालं तर समज ती वायर सुटलीय. आणि तारा अर्थला जोडलेल्या असतात म्हणून अँपचा प्लग तीन पिनचाच हवा, घरात अर्थिंग नीट आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे, हे अगदी मनापासून सांगतोय.

प्रश्न: मी पुण्याची, माझ्या प्रिसिजन बासचा पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा रेझिस्टर) खराब झालाय. २५० के (किलोओहम) घेऊ की ५०० के?

उत्तर: ताई, तुमचा पिकअप साधा पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवाय चालणारा, असेल तर २५० के, टोनला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ५०० के लावला तर वरचा आवाज जास्त उघडा येतो, बोटं तारेवर घासल्याचंही ऐकू येतं, कुणाला तेच हवं असतं. बास अॅक्टिव्ह असेल, म्हणजे आत नऊ व्होल्टची बॅटरी असेल, तर जुन्या पॉटवर काय लिहिलंय ते वाचून तेवढ्याचाच आणा, तिथे २५ के सुद्धा असू शकतो.