के-पॉप नव्याने ऐकायला लागलीयेस ना, मग हे वाच

अगं एकदम दहा ग्रुप धरू नकोस, नावं-चेहरे सगळ्याचा गोंधळ होतो. एकच घे, समज सेव्हन्टीन, २०१५ ला डेब्यू, आणि नाव सतरा असलं तरी डेब्यूला मेंबर १३च होते, कारण हिशोब १३ मेंबर, ३ युनिट म्हणजे आतले छोटे गट, १ टीम, मिळून सतरा असा आहे. आधी डान्स प्रॅक्टिसचे व्हिडिओ बघ, कॅमेरा जागचा हलत नाही त्यामुळे कोण कुठे नाचतंय ते नीट दिसतं आणि चेहरे आपोआप ओळखू यायला लागतात, माझं तर तसंच झालं. कमबॅक म्हणजे ब्रेकनंतर परत येणं नाही हं, नवीन गाणं आलं की कमबॅक. मग कोरियन टीव्हीवरचे गाण्यांचे शो, शुक्रवारी म्युझिक बँक, रविवारी इंकिगायो, तिकडचे स्टेज सोडू नकोस.

हंगुल, म्हणजे कोरियन लिपी, मात्र शिकच. मूळ अक्षरं फक्त २४, आणि उच्चार देवनागरीत लिहून घे, कारण क आणि ख मधला फरक आपल्या कानाला आधीच माहितीये, रोमनमध्ये तो नीट कळतच नाही.

आणि फोटोकार्डसाठी, म्हणजे अल्बममध्ये मिळणाऱ्या मेंबरच्या छोट्या फोटोसाठी, पाच-पाच अल्बम नको गं, आत कोणाचं निघेल ते नशीब. एकच घे, बाकी अदलाबदल कर.